आबा, तुम्हाला न पटलेलं निम्मं

आबा,

तुमच्या दशक्रियेला साहेब आले होते. घाटावर मांडव घातला होता, पुढं खुर्च्या होत्या, माइक होता. आपल्याकडं दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणं व्हायचीच, त्यात काही नवं नाही. साहेब उठले, तुमच्या फोटोला हार घातला आणि म्हणाले, "आबा म्हणजे निष्ठावंत माणूस. इतक्या वर्षांत त्यांनी माझा शब्द एकदाही खाली पडू दिला नाही." मी बायकांत बसले होते, माईंच्या शेजारी. माईंनी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, हुंदका आला. माईंचा हात माझ्या हातात होता म्हणून मला एकटीला कळलं, की रडता रडता त्यांना हसू आवरत नव्हतं.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "आश्विने, गप बस. आलेल्या माणसाचा मान ऱ्हाऊ दे." म्हणून गप्प बसले. पण इथं कुरकुंभला परत आल्यापासून तुमच्याशी माझं भांडण सुरूच आहे. समोरून उत्तर येत नाही, म्हणून आता दोन्ही बाजू मलाच बोलाव्या लागतात.

आपली ओळख झाली तीच एका सवालजवाबानं. मी सेलूकडची, बारावी झालेली. गावातल्या एजंटानं रांजणगावच्या एमआयडीसीत काम आहे म्हणून सांगितलं आणि आम्ही चौघी पोरी बॅगा घेऊन कारेगावात तुमच्या चाळीपुढं येऊन उभ्या राहिलो. तुम्ही ओट्यावर बसला होता. नाव नाही विचारलं, जात नाही विचारली. विचारलं काय, तर, "तुमच्या गावाला पाणी कितव्या दिशी येतं?"

आमच्यातली शीतल म्हणाली, "आठव्या दिवशी."

"मग झ्याक. हितं एक दिवसाआड येतं. तुमी कुरकूर करणार न्हाई." आणि आत तुमच्या मुलाला हाक मारली, "दत्ता, कोपऱ्यावरली खोली उघड."

तुमचे वडील मेंढरं घेऊन हिंडले, तुम्हीही लहानपणी त्यांच्यामागं हिंडलात, मग इथं जमिनीला टेकलात. त्यातली बरीचशी जमीन एमआयडीसीत गेली आणि आलेल्या पैशातून तुम्ही चाळ बांधली, दत्तादादाला दोन गाड्या घेऊन दिल्या. तुमच्या या साऱ्या गोष्टीत ठिकठिकाणी साहेब होते. जमिनीचा मोबदला अडकला तेव्हा साहेबांनी सोडवला. माईंचं ऑपरेशन साहेबांच्या एका फोनवर झालं. पुढच्या खोलीत देवांच्या शेजारी साहेबांचा फोटो होता आणि माई देवांबरोबर तोही पुसायच्या.

आणि मी तुमच्या ओट्यावर बसून तुमच्याच साहेबांशी भांडायची. म्हणजे तुमच्याशीच.

तेव्हाचं आमचं काम तुम्हाला मी किती वेळा सांगितलं असेल! गाड्यांच्या वायरिंगची लाइन. माझ्या शेजारी एक पर्मनंट बाई उभी असायची. तिचा ड्रेस निळा, माझा राखाडी. वायर तीच, टेप तीच, टार्गेट तेच. ती रजेवर गेली की तिची जागा मीच सांभाळायची. पण पगाराच्या दिवशी तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंही माझ्या हातात पडत नव्हतं. त्यातून सात महिने भरत आले की 'ब्रेक' असायचा. म्हणजे पर्मनंट करावं लागू नये म्हणून ठेकेदारानं कामावरून काढायचं आणि थोड्या दिवसांनी नव्या गेटपासवर नवीन म्हणून घ्यायचं. त्याच लाइनवर, त्याच जागी मी पुन्हा पुन्हा नवीन होत राहिले.

ठेकेदार कोण, तर भाऊ. साहेबांचे सख्खे पुतणे. माणसं पुरवायची भाऊंनी, कँटीन भाऊंचं, बस भाऊंच्या, भंगारही भाऊंनीच उचलायचं. दत्तादादाच्या दोन्ही गाड्या भाऊंच्याच हाताखाली कंपनीला लागलेल्या.

"साहेबांनी कंपन्या आणल्या म्हणून तुमच्या हाताला काम हाय," तुम्ही म्हणायचात.

"बरोबर. साहेबांनी कंपनीला जागा दिली, पाणी दिलं, रस्ता दिला. कंपनीनं साहेबांच्या पुतण्याला ठेका दिला. दोघांचं जमलं. मग आमचा पगार कोण ठरवतं आबा?"

"तुमीच. तुमी हो म्हनला म्हनून तर ठरला."

"आणि नाही म्हटलं असतं तर?"

"तर दुसरी आली असती." एवढं बोललात आणि आपण काय बोललो ते तुमच्याच ध्यानात आलं. तुमचं हे मला फार आवडायचं आबा. वाद जिंकायचा म्हणून तुम्ही खोटं कधी बोलला नाहीत.

पण हारही मानायचा नाहीत. "काय बी म्हन, मानसानं उपकार इसरू न्हाई."

"उपकार आणि हक्क यात काही फरक आहे का नाही?"

"हाय की. हक्कासाठी भांडावं लागतं. उपकार बसल्या जागी मिळतो."

"आणि फिटत कधीच नाही."

यावर तुम्ही डोक्यावरची टोपी काढून झटकायचात. टोपी झटकली की समजायचं, आजचं संपलं. आत जाऊन जेवा.

मग ती दिवाळी आली. पर्मनंट कामगारांचा करार झाला, त्यांचे पगार वाढले, लाइनवर पेढे वाटले. पेढा मात्र आम्हालाही मिळाला. तो खाऊन आम्ही राखाडी ड्रेसवाल्या पोरींनी ठरवलं, आपणही विचारायचं. फार काही नाही मागितलं. थोडी वाढ द्या आणि हे ब्रेक बंद करा.

कंपनीच्या मॅनेजरनं सांगितलं, "तुम्ही आमच्या कामगार नाही. ठेकेदाराशी बोला." भाऊ म्हणाले, "कंपनी मला रेट वाढवून देत नाही, मी कुठून देऊ?" साहेबांकडं निरोप गेला, तर तिकडून निरोप आला, आधी निमूट कामावर जा, मग बघू. दारं तीन, आणि प्रत्येक दार पुढच्या दाराकडं बोट दाखवणारं. आम्ही गेटवर बसलो. दुसऱ्या दिवशी आमचे पास बंद झाले.

ज्या दुपारी भाऊंची गाडी चाळीचाळीतून फिरली, ती दुपार मी विसरणार नाही. गेटवर बसलेल्या पोरींना खोलीवर ठेवायचं नाही, असं मालकामालकाला सांगितलं गेलं. कुणाची गाडी कंपनीला लागलेली, कुणाचा पोरगा भाऊंकडं सुपरवायझर, कुणाचा पाण्याचा टँकर चालू. नाही म्हणायची सोय कुणालाच नव्हती. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण शेजारच्या चाळीतल्या पोरी उन्हात नगर रोडला बॅगा घेऊन उभ्या राहिल्या आणि कुठल्या बसला हात करायचा हेच त्यांना कळत नव्हतं.

आमच्या चाळीपुढं गाडी थांबली तेव्हा आम्ही आत बॅगा भरत होतो. तुमचं बोलणं खिडकीतून ऐकू येत होतं.

"आबा, ह्या पोरींच्या खोल्या आजच्या आज मोकळ्या करा. साहेबांचा निरोप हाय."

"साहेबांनी सोता सांगितलं?"

"माझं आन् साहेबांचं काय येगळं हाय का?"

"नसंल. पन बसल्याला तळ आमी उठवत न्हाई."

"कसला तळ?"

"त्ये तुला न्हाई कळायचं. च्या घेतोस का?"

भाऊंनी चहा घेतला नाही. गाडीत बसताना म्हणाले, "दत्ताच्या गाड्या हायेत. ध्यानात ठिवा."

"ध्यानात हाय," तुम्ही म्हणालात.

तळाचं मलाही कळलं नव्हतं. ते नंतर माईंनी सांगितलं. तुम्ही सहा-सात वर्षांचे असताना भीमेच्या काठी एका रानात तुमच्या मेंढरांचा तळ पडला होता. रानाच्या मालकानं आधी खतासाठी स्वतःच बोलावून बसवला, मग गावातल्या कुणा बड्या माणसाचं मन राखायला भर दुपारी उठवला. आदल्याच दिवशी तुमच्या आईचं बाळंतपण झालेलं. ओली बाळंतीण घोड्यावर बसवून तुम्ही निघालात. माई एवढंच बोलल्या आणि भाकरी थापायला लागल्या. पुढं काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर आले आणि तुमच्याजवळ बसले. आभार मानावेत असं शंभरदा मनात आलं. पण आभार मानले की तो उपकार झाला, आणि मग आपला वाद मी हरले. म्हणून मी म्हणाले, "आबा, कोपऱ्यावरच्या नळाचं वायसर गेलंय." तुम्ही म्हणालात, "उद्या बशिवतो." इतके हट्टी होतो आपण दोघं.

दत्तादादाच्या गाड्या तिसऱ्या दिवशी बंद झाल्या. त्याचा राग रास्त होता. दोन पोरं शाळेत, गाड्यांचे हप्ते डोक्यावर. तो तुमच्याशी बोलेना, आणि माझ्याशी बोलला तो एकच वाक्य, "तुमच्या पायी झालं हे." तुम्ही त्याला समजावलं नाहीत, माझीही समजूत काढली नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्हा पोरींना म्हणालात, "रिकाम्या बसू नका, कांद्याची लागण करायची हाय." उरलेल्या तुकड्यात आम्ही चौघींनी कांदा लावला. सेलूकडच्या पोरींना वाफ्यात बसून लागण करायला तुम्ही शिकवलंत आणि आमच्या वाकड्या ओळी बघून हसलात. तेवढे दिवस भाड्याचा विषय तुम्ही काढला नाहीत आणि आमची चूल माईंनी वेगळी पेटू दिली नाही. घरातली कमाई बुडालेली असताना आबा! कंपनीचं दार बंद होतं, घरी फोन करायची लाज वाटत होती, आणि तरी त्या दिवसांत मी पोटभर जेवले, पोटभर हसले. हे ऋण कुठल्या शब्दांत सांगायचं ते मला तेव्हा कळलं नाही, आताही नीट कळत नाही.

मग एक दिवस तुम्ही धुतलेलं धोतर नेसलात आणि म्हणालात, "चल आश्विने, शिरूरला. साहेबाला आपुन सोता इचारू. मधल्या मानसांनी घोळ घातला असंल."

तुमचा अजून विश्वास होता. माझा नव्हता, पण तुमच्या विश्वासाबरोबर मी आले.

साहेबांच्या ऑफिसात गर्दी होती. साहेबांनी तुम्हाला बघितलं आणि उठून उभे राहिले. खरंच उठले, ते मी नाकारत नाही. शेजारी बसवलं, चहा मागवला, माईंची तब्येत विचारली. मग म्हणाले, "आबा, तुम्ही घरचे. दत्ताच्या गाड्या उद्या सकाळी लागल्या म्हणून समजा. फक्त पोरींना तेवढं समजावून सांगा."

"साहेब, मी गाड्यांसाठी न्हाई आलो," तुम्ही म्हणालात. "ह्या पोरींचं काय, त्ये इचाराया आलो."

साहेब हसले. "आबा, कंपन्या काय, आज इथं आहेत, उद्या गुजरातला जातील. कामगार महाग झाला की पहिल्या त्याच जातात. मग तुमच्या खोल्यांत कोण राहणार?"

"आन् सस्ता कुनी ठिवलाय, साहेब?"

किती हळू विचारलंत ते! आवाज चढवला नाहीत, बोट उगारलं नाहीत. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तुम्ही कपातला चहा शेवटपर्यंत प्यायलात, नमस्कार केलात आणि बाहेर आलात.

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीतून बाहेर बघत बसलात. कारेगाव जवळ आलं तेव्हा बोललात.

"ग्वाड बोलला."

"हो."

"तू म्हंतीस त्यातलं निम्मं खरं हाय."

"आणि उरलेलं निम्मं?"

"त्ये मला अजून पटलं न्हाई." आणि टोपी झटकलीत.

आम्ही जिंकलो असं मी कुणाला सांगत नाही. थोडीशी वाढ देऊन कंपनीनं बहुतेक पोरींना आत घेतलं, शीतललाही. ब्रेक काही थांबले नाहीत. ज्या पुढं होऊन बोलल्या होत्या त्यांना कुठल्याच गेटवर पास मिळेना. त्यात मी होते. कारेगाव सोडून मी कुरकुंभला औषधांच्या पॅकिंगला लागले, तीही ठेकेदाराकडूनच. पण इथं आमची युनियन आहे, आमचा दावा पुण्याला कोर्टात चालू आहे, आणि तारखेला गेले की बाकावर बसून मी नव्या पोरींना सांगते, की सगळ्यात आधी एकमेकींच्या खोल्यांचे पत्ते माहीत करून घ्या. हे मला तुमच्या चाळीत कळलं. आम्ही गेटवर टिकलो, कारण आम्हाला संध्याकाळी परत यायला जागा होती.

दत्तादादानं एक गाडी विकली, दुसरी शाळेच्या पोरांना लावली. राग जायला त्याला वेळ लागला. माझं लग्न यवतच्या मुलाशी ठरलं तेव्हा तीच गाडी घेऊन तो तुम्हाला आणि माईंना न्हावऱ्यावरून यवतला घेऊन आला. माझा मामा आला नव्हता. परजातीत लग्न म्हणून आमच्याकडचे पुष्कळजण आले नव्हते. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली आणि भटजींनी विचारलं, "मुलीचे मामा कोण?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तुम्ही मागच्या रांगेतून उठलात, टोपी नीट केलीत आणि माझ्यामागं येऊन उभे राहिलात. "हितं हाय की," एवढंच म्हणालात. माझ्या खांद्याला तुमचा हात लागत होता, आबा. समोर अंतरपाट होता म्हणून माझं रडं नवऱ्याला दिसलं नाही.

त्यानंतर भांडण फोनवर. निवडणूक लागली की तुमचा फोन ठरलेला. "आश्विने, साहेबांनी गावाला नवा रस्ता दिला बरं का."

"कुणाच्या ठेक्यातून?"

"त्ये इचारू नगंस." आणि तुमचं ते मोठ्यांदा हसणं. त्या दिवाळीनंतरच्या मतदानाला तुम्ही कुणाला मत दिलंत ते मी किती खोदून विचारलं! "मत गुपित आसतं, कायदाच हाय तसा," म्हणून मलाच कायदा शिकवलात. माईंनाही सांगितलं नाहीत म्हणे. साहेबांचा फोटो भिंतीवरून तुम्ही काढला नाहीत. माईंनी मात्र तो पुसायचं सोडून दिलं होतं.

खरं सांगते, तुम्हाला न पटलेल्या निम्म्याबद्दल मी आता पहिल्यासारखी चिडत नाही. माईंचा जीव त्या एका फोनवर वाचला होता, हे मला कुठल्याही दाव्यात मांडता येत नाही. ज्याच्या घरच्याला सरकारी दवाखान्यात नुसत्या आपल्या पायांनी चालत जाऊन खाट मिळत नाही, तो माणूस फोन करणाऱ्याला देव मानणारच. खाट तशी मिळायला हवी, आणि ती न मिळण्यातच साहेबांचं वजन आहे, हे माझं म्हणणं. तुमचं म्हणणं, की खाट मिळाली तेव्हा ती कुणी दिली ते विसरू नये. तुम्ही विसरला नाहीत. आणि तरीही त्या दुपारी भाऊंना नाही म्हणालात. उपकाराचं एवढं ओझं वाहणाऱ्या माणसानं नाही म्हणणं म्हणजे काय, ते मला फुकटच्या बोलण्यातून कधी कळलं नसतं.

दहाव्याच्या रात्री मी माईंजवळच राहिले. सकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. दारात दोन पोरी उभ्या. नांदेडकडच्या. पाठीवर सॅक, हातात गोधडीचं बोचकं, कंपनीत आजच जॉइन व्हायचं म्हणत होत्या. शेजारची बाई त्यांना म्हणाली, "आज नका येऊ गं, घरात सुतक हाय, मालक वारले." पोरी मागं वळल्या.

माईंनी हाक मारली, "ये पोरींनो, हिकडं या. दोघीच हायसा का अजून कुनी?"

"दोघीच, मावशी."

"भाडं म्हयन्याच्या म्हयन्याला. पाणी एक दिवसाआड. आन् आजून एक. कंपनीनं काढलं, तर त्याच दिशी मला येऊन सांगायचं. लपवून उपाशी ऱ्हायचं न्हाई."

पोरी घाबरल्या. त्यातली धाकटी म्हणाली, "काढलं तर खोली सोडावी लागंल का?"

"काढलं म्हनून हितली खोली जात न्हाई. तशी रीत हाय आमच्यात."

दत्तादादा अंगणात उभा होता, नुकतं मुंडण केलेला. मला वाटलं, हा आता काहीतरी बोलेल. त्यानं त्या धाकटीच्या हातातलं बोचकं घेतलं आणि खोली उघडायला गेला. पोरगी माईंच्या पायाशी वाकायला लागली, तर माईंनी तिला वरच्या वर धरलं. "पाया कशाला पडतीस? तुझ्यासाठी येगळं काय केलं न्हाई."

आबा, इतकी वर्षं आपण उपकार आणि हक्क यांवरून भांडलो. रीत हा शब्द आपल्या दोघांनाही सुचला नव्हता.